भिंत पुन्हा कशी उभी राहील?



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो महागाई, किमान वेतन आणि कंत्राटी पद्धती ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज फुटबॉलवर बोलणार आहे. त्यातही गोल करणाऱ्यांवर नव्हे, तर गोल होऊ न देणाऱ्यांवर. भारतीय संघाच्या बचावफळीचा एके काळी आशियात दरारा होता. ती भिंत आज ढासळली आहे. ती पुन्हा उभी राहील काय, आणि राहिलीच तर कशाच्या बळावर, एवढाच माझा विषय आहे. ज्यांना कंत्राटी पद्धतीवर ऐकायचे होते त्यांनीही बसून राहावे. ती वाटेत भेटणारच आहे.

माझे शालेय शिक्षण बेताचे. जे शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि मैदानाच्या कडेला उभे राहून. तेव्हा पंडिताच्या भाषेत नव्हे, खेळ पाहणाऱ्याच्या भाषेत सांगतो.

फुटबॉल पाहताना आपले डोळे चेंडूवर असतात. आघाडीचा खेळाडू दहा वेळा चुकतो, अकराव्या वेळी गोल करतो, आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. बचावपटू दहा वेळा बरोबर असतो, अकराव्या वेळी चुकतो, आणि लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. रेल्वेत रात्रभर गाड्यांचे रूळ बरोबर लावून देणाऱ्या पॉइंट्समनचे नाव कोणाला ठाऊक असते? ज्या रात्री अपघात होतो त्याच रात्री ते वर्तमानपत्रात येते. बचावपटूचा धंदा ह्याच जातीचा आहे. त्याचे काम नीट झाले म्हणजे काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार?

आता हे काम चालते कसे, ते पाहू. ऑफसाइडचा नियम थोडक्यात असा, की चेंडू पुढे ढकलला जातो त्या क्षणी समोरच्या संघाचा खेळाडू आपल्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्याही पुढे आणि आपल्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे असेल, तर त्याला तो चेंडू खेळता येत नाही. शेवटचा माणूस बहुधा गोलरक्षक. म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू जिथे उभा, तिथे ही अदृश्य रेघ. १९२५ सालापर्यंत दोनऐवजी तीन माणसांचा हिशेब होता, म्हणून मागे दोन बॅक ठेवूनही भागत असे. नियम बदलला तशी आक्रमणाला मोकळीक मिळाली, गोलांचा पाऊस पडू लागला, आणि मधला सेंटर हाफ मागे ओढून तीन बॅकची फळी झाली. पुढे तिचे चार झाले. १९५८ साली ब्राझीलने चार बॅकची मांडणी घेऊन विश्वचषक जिंकला आणि ती जगभर गेली.

ही रेघ खडूने काढलेली नसते. चौघांच्या पायांनी ती क्षणोक्षणी काढावी लागते. चौघे एकदम पुढे सरकले तर समोरचा ऑफसाइड. तिघे सरकले आणि एक दोन पावले मागे राहिला, तर तिघांची मेहनत मातीत. तसेच, एक जण चेंडू अडवायला बाहेर गेला की त्याची रिकामी जागा दुसऱ्याने भरायची, दुसऱ्याची तिसऱ्याने. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर. आपला जोडीदार डावीकडे वळताना जड पडतो, उडी जरा लवकर घेतो, थकला की बोलायचा बंद होतो, हे आधीच ठाऊक असेल तरच ते जमते. हे ज्ञान फळ्यावर लिहून देता येत नाही. ते एकमेकांशेजारी उभे राहूनच मिळते, आणि त्याला वर्षे लागतात.

गिरणीतल्या जुन्या माणसांना हे चटकन कळेल. गिरणीत कायम कामगार असत आणि बदली कामगार असत. बदलीवाला सकाळी गेटवर येऊन उभा राहायचा. कोणी गैरहजर असला तर त्याला त्या दिवसापुरते काम. तो हुनरीत कमी होता असे नाही. पण आज ह्या मागावर, उद्या त्या मागावर. कोणत्या मागाची काय खोड आहे आणि शेजारचा जोडीदार कसा हात चालवतो, हे कळेपर्यंत त्याची पाळी संपायची. बदलीवाल्यांच्या जोरावर खाते चालू राहते, नावारूपाला येत नाही. आपल्या बचावफळीचे दुखणे मला इथेच दिसते. पण त्याआधी ती भिंत एकदा कशी उभी राहिली होती ते सांगायला हवे.

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले. सामना १०-१. आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते. शैलेन मन्नांसारखा नावाजलेला बॅक संघाचा कर्णधार असूनही हे झाले, कारण चांगला बॅक म्हणजे चांगली बचावफळी नव्हे. एक पैलवान म्हणजे आखाडा नव्हे, तसेच. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. पण पायात बूट आले म्हणून डोक्यात मांडणी येत नाही.

ती मांडणी आणणारे गृहस्थ सय्यद अब्दुल रहीम. मूळचे हैदराबादचे शिक्षक. त्यांच्या हाताखाली हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. लक्षात घ्या, हेलसिंकीला दहा गोल खाल्ले तेव्हाही संघाचे मार्गदर्शक रहीमच होते. त्या दहा गोलांबद्दल त्यांना कायमचे घरी बसवले गेले नाही. मध्ये एखाददुसऱ्या स्पर्धेला दुसरे मार्गदर्शक आले, पण पुढच्या दोन्ही ऑलिंपिकना संघ रहीमांच्याच हाती होता. १९५६ साली मेलबर्नला आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि चौथे आलो. १९६० साली रोमला हंगेरीकडून १-२ असे निसटते हरलो, फ्रान्सला १-१ असे रोखले. दहा गोलांपासून इथवर यायला आठ वर्षे लागली.

मग १९६२ चे जकार्ता. आशियाई स्पर्धेचा पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाशी ०-२ असा हरलो. पुढे थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवले. दरम्यान बचावफळीचा मुख्य खांब जर्नेलसिंग ह्याच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते. रहीमांनी त्याला बाहेर न बसवता चक्क आघाडीला खेळवले. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया. राजकीय वादामुळे प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले. फ्लूने आजारी असलेले पीटर थंगराज गोलात उभे. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, दुसरा जर्नेलने. कोरियाला अखेरीस एकच गोल मिळाला आणि भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले.

लोक त्या दोन गोलांच्या आठवणी काढतात. मी त्या मागच्या रांगेची काढतो. भिंतीचा मुख्य खांब काढून पुढे नेला, तरी छप्पर खाली आले नाही. अरुण घोष, त्रिलोकसिंग, चंद्रशेखर, त्यांच्या पुढे हाफबॅक फ्रँको आणि प्रशांत सिन्हा. एकाची जागा रिकामी झाली तर ती कशी भरायची हे ह्या सगळ्यांना पाठ होते. बचावफळीची खरी परीक्षा ती हीच. रहीम त्या वेळी कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच जूनमध्ये ते गेले. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

आता माझ्या धंद्याचा प्रश्न विचारतो. ह्या माणसांची चूल कशावर पेटत होती? थंगराज सैन्यातून आलेले. चंद्रशेखर मुंबईत कॅल्टेक्स कंपनीच्या संघाकडून खेळत. गोव्याचे फ्रँको टाटांच्या संघाकडून. पी. के. बॅनर्जी पूर्व रेल्वेत, युसुफ खान हैदराबाद पोलिसांत. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांचे खेळाडू सोडले तर बाकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या हजेरीपटावर होते. पगार राजासारखा नव्हता; पण पुढच्या वर्षी आपण ह्याच संघात, ह्याच जोडीदाराशेजारी उभे असू, एवढी शाश्वती होती. चंद्रशेखर ह्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९६३ ची संतोष ट्रॉफी जिंकली.

कंपन्यांच्या आणि गिरण्यांच्या संघांचा हा काळ बराच चालला. १९९६-९७ साली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली ती फगवाड्याच्या जेसीटी ह्या गिरणीच्या संघाने. २००५-०६ साली ती मुंबईच्या महिंद्र युनायटेडने जिंकली. गोव्याच्या देंपो क्लबने राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच विजेतेपदे मिळवली; समीर नाईकसारखा बचावपटू तिथे वर्षानुवर्षे मागे उभा होता आणि आर्मांदो कुलासो हे एकच मार्गदर्शक दीर्घकाळ संघ सांभाळत होते. मग २०१० साली महिंद्रचा संघ बंद झाला. २०११ साली जेसीटीचा. २०१६ साली देंपोने आय-लीगमधून अंग काढून घेतले. आपल्या नागपुरात १८७७ पासून जिथे एम्प्रेस मिल होती तिथे आता मॉल उभा आहे. देशाच्या फुटबॉलमध्येही तसेच झाले. जुने गेले आणि चकचकीत आले.

मी जुन्याचा आंधळा भक्त नाही. कंपनीच्या संघातही साहेबाच्या मर्जीवर निवडी होत, आणि गुडघा गेला की खेळाडू कोपऱ्यातल्या टेबलावर फायली लावत बसे. आजच्या वरच्या खेळाडूला मिळणारे पैसे त्या काळी स्वप्नातही नव्हते. दिवे, हिरवळ, डॉक्टर, परदेशी मार्गदर्शक, सारे आले. परंतु मुदत गेली. खेळाडू दोन हंगाम इथे, एक तिथे. शिवाय २०२१-२२ पासून इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येतात. क्लबवाले हिशेबी असतात. ते परदेशी माणूस बहुधा दोन ठिकाणी लावतात, गोल करायला आणि बचावाच्या मधोमध. म्हणजे ज्या जागेवर भारतीय पोराने शिकायचे, तीच जागा भाड्याने दिलेली. मग राष्ट्रीय संघाला मधला बचावपटू हवा असला की बदलीवाल्यांची रांग लागते.

तरीही भिंत उभी राहू शकते, ह्याचा पुरावा फार जुना नाही. २०२३ साली मार्च ते जुलै भारत अकरा सामने खेळला आणि त्यांत आपल्यावर अवघे दोन गोल झाले. त्यांतलाही एक आपल्याच पायाचा. लेबनॉनसारख्या संघाला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. गुरप्रीतसिंग संधू किंवा अमरिंदरसिंग गोलात, मध्ये संदेश झिंगन आणि अन्वर अली, त्यांच्या साथीला मुंबईचा राहुल भेके, आकाश मिश्रा, सुभाशिष बोस. कारण काय? त्या महिन्यांत संघ शिबिरात एकत्र राहिला, एकामागून एक सामने खेळला आणि बहुतेक तीच माणसे शेजारी शेजारी उभी राहिली. हे सारे सामने घरच्या मैदानांवरचे होते हेही सांगितले पाहिजे. पण एकत्र राहण्याचा गुण त्यात दिसला, हे नाकारता येत नाही. त्या जुलैत जागतिक क्रमवारीत भारत ९९ वा होता.

पुढचे आपण पाहिलेच. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. सीरियाविरुद्ध झिंगन जखमी झाला आणि खांब हलला तसे छप्परही हलले. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला २-१ असे हरवले. मार्गदर्शक बदलले. २०२५ साली हाँगकाँगकडून ०-१, मडगावला घरच्या मैदानावर सिंगापूरकडून १-२, आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाने ०-१ असे हरवले. असे बावीस वर्षांत झाले नव्हते. हे पराभव पाच-सहा गोलांचे नाहीत. एका क्षणाची गफलत, एक पाऊल मागे राहिलेला माणूस, एक न भरलेली जागा, एवढ्यावर सामने गेले. म्हणूनच आशा आहे. कोसळलेले घर वेगळे आणि सांधे सुटलेले घर वेगळे.

त्याच वर्षी मुख्य लीगचा हंगाम व्यापारी कराराच्या घोळात वेळेवर सुरूच झाला नाही, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. उद्याचा पगार मिळेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो माणूस शेजाऱ्याची जागा भरायला जीव टाकून धावेल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? मागाशेजारी ती चालत नाही, मैदानावरही चालणार नाही.

युनियनवाल्याला मागणीपत्र लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. माझे हे पाच कलमांचे मागणीपत्र.

पहिले कलम मुदतीचे. बचावपटूंशी दीर्घ मुदतीचे करार व्हावेत, आणि राष्ट्रीय मार्गदर्शकालाही पुरता काळ मिळावा. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील ह्यांची नेमणूक झाली. मुंबईच्या महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया संघांत खेळलेला हा माणूस. २०१६-१७ साली त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल ह्या लहानशा संघाला आय-लीग जिंकून दिली होती. ह्या खुर्चीवर कोणीही बसो. त्याला दोन पराभवांत हाकलायचे नाही. रहीमांना हेलसिंकीनंतर हाकलून दिले असते, तर जकार्ता झाले नसते.

दुसरे, जोड्या लहानपणापासून राखाव्यात. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्या देशात झाला. त्या संघातली पोरे विखुरू नयेत म्हणून त्यांना 'इंडियन ॲरोज' नावाने आय-लीगमध्ये एकत्र खेळवले. अन्वर अली त्यातूनच आला. २०२२ साली तो संघ बंद केला गेला. रोपवाटिका मोडून फळबागेची आशा धरायची, हा कुठला न्याय?

तिसरे, मैदानाच्या मधोमध भारतीय पोराला जागा हवी. परदेशी खेळाडूंशी माझे वैर नाही, त्यांच्याकडून शिकावे. पण शिकायला शेजारी उभे राहावे लागते, बाकावर बसून भागत नाही.

चौथे, दुखापतीचे. जखमी खेळाडूचा पगार आणि उपचार चालू राहावेत. कारखान्यात हात गेलेल्या माणसाला भरपाई मिळण्याचा कायदा १९२३ पासून आहे. पायावर पोट असणाऱ्याच्या पायाची तेवढी तरी कदर व्हावी.

पाचवे कलम आपल्या गावाचे. नागपूर-कामठीला फुटबॉलचे वेड पूर्वापार आहे. विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन 'स्लम सॉकर' सुरू केले, आणि त्यावरून 'झुंड' चित्रपट निघाला. पोरे आहेत, दमही आहे. पण कोणत्याही मैदानावर सकाळी जाऊन विचारा, "मागे कोण खेळणार?" सगळे इकडेतिकडे बघतात. जो बुटका, जो हळू, जो बिचारा बोलत नाही, त्याला मागे ढकलतात. मागे उभे राहणे ही शिक्षा आहे असे आपणच त्यांना शिकवतो. स्थानिक स्पर्धांत उत्तम गोल करणाऱ्याला करंडक देता ना? मग सर्वांत कमी गोल खाणाऱ्या फळीच्या चौघांना मिळून एक करंडक द्या. चौघांना मिळून, एकेकाला नव्हे. आमच्या चळवळीत पगारवाढ अशीच मिळवतात.

हे सारे उद्या होईल असे मी म्हणत नाही. हेलसिंकी ते जकार्ता दहा वर्षे लागली, तीही रहीमांसारखा माणूस असताना. तेवढा धीर आपल्याकडे हवा. तोवर आपल्यासारख्या प्रेक्षकाने एक काम करावे. गोल कोणी केले हे वर्तमानपत्र मोठ्या अक्षरांत छापतेच. तुम्ही एक वही करा. भारताचा प्रत्येक सामना झाला की किती गोल खाल्ले ते लिहा, आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्या चौघांची नावे लिहा. आज पाने चाळली तर नावे सारखी बदलताना दिसतील. ज्या दिवशी तीच चार नावे सलग दोन वर्षे लिहून तुमचा हात कंटाळेल, त्या दिवशी समजा, भिंतीचा पाया भरला गेला आहे.